नैवेद्याआधी

माझी ताई देवासला राहते आणि मी धारला. मध्ये इंदूर. शनिवारी शाळा सुटली की मी बस पकडते, इंदूरला दुसरी बस घेते आणि दिवेलागणीला ताईच्या दारात उभी असते. दार भाऊजी उघडतात. ताई आतून विचारते, "कोण आलंय?" भाऊजी सांगतात, "धाकटी आलीय तुझी." मग ती बाहेर येते, मला नीट न्याहाळते आणि अगदी अदबीनं म्हणते, "या बाई, बसा. कुठून आलात?"

दर शनिवारी हेच. आणि दर शनिवारी वाटेत मला वाटतं की आज नाही विचारणार.

ही अदब माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनंच मला वाढवलं आणि वाढवलं म्हणजे दरडावलं. "धाकटे, चपला नीट लाव." "धाकटे, केस बांध, भुतासारखी फिरू नकोस." माझे केस पिकले, मी शाळेत वरिष्ठ शिक्षिका झाले, तरी तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य चपलांचं. मी चिडायचे, उलट बोलायचे, एकदा तर तशीच परत निघाले होते. आता मी चपला मुद्दाम वेड्यावाकड्या काढते. ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

भाऊजींविषयी आधी सांगायला हवं, कारण माझं आणि त्यांचं कधी धड जमलं नाही. बँकेतून निवृत्त झालेला, घड्याळावर चालणारा माणूस. शुगर जुनी, इन्सुलिन सुरू. सकाळी स्नान झालं की बोट टोचून यंत्रात थेंब टाकायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा, मग फ्रिजच्या दारातून औषध काढून पोटात टोचून घ्यायचं आणि मग पूजा. पूजेत अक्षर इकडचं तिकडे चालत नसे. त्यांचं घराणं मूळ बागलीचं, जहागिरीच्या कारभारातलं; जहागिरी गेली, कारभार गेला, सोवळं तेवढं राहिलं. माझा भाचा लहान असताना त्यानं चतुर्थीला नैवेद्याआधी एक मोदक तोंडात टाकला, तर भाऊजींनी ताईला पुन्हा सगळा स्वयंपाक करायला लावला होता. ताईनं तो केलाही. मला राग आला होता तो भाऊजींचा आणि तिचाही.

पण हेही खरं की त्या माणसाचा ताईवर जीव होता. बोलून दाखवायची रीत नव्हती, एवढंच. ताईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री पाय घासत बसायची, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरांनी दिलेल्या नसांच्या कॅप्सूलमधली एक तिच्या तळहातावर ठेवली. "मला याच त्रासावर दिलीय. घे, गुण येईल." तेव्हापासून जेवणानंतर एक त्यांना, एक तिला. घरोघरी हेच चालतं. एकाला सोसलेली गोळी दुसऱ्याच्या पानात लोणच्यासारखी वाढली जाते. ताईच्या मुंग्या खरंच कमी झाल्या. मला फोनवर कौतुकानं म्हणाली, "अगं, यांना माझ्या पायांची काळजी आहे हो!"

श्रावणात ती धारला माझ्याकडे आली होती. सकाळी पोहे-जिलबी झाली, ताईनं जिलबी जरा जास्तच घेतली, आणि दुपारी भाजी निवडता निवडता तिच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब. हात थरथरत होते. मला म्हणाली, "तू माझी भाजी का चोरतेस?" मी हसले. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. गुळाचं पाणी दिलं, आणि थोड्याच वेळात ती आमची नेहमीची ताई होऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं ठेवू लागली. मी तिला म्हटलं, भाऊजींच्या यंत्रात एकदा तुझं बोट घाल. डॉक्टरांकडे जा. माझ्याशी भांडली ती. "मला काय शुगर आहे? एका घरात एक रोगी पुरे." ती देवासला पोचल्यावर मी भाऊजींनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वय झालं आता. उपास फार करते ती." ते खरंच होतं.

मग नवरात्रातली अष्टमी आली.

आमच्यात अष्टमीला महालक्ष्मी मांडतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा सोवळ्यात घडवायचा, संध्याकाळपर्यंत देवी साडी-दागिन्यांनी सजून उभी राहते, आणि मग तिच्यासमोर सुवासिनी घागरी फुंकतात. घागरीला धूप द्यायचा, तोंडाशी धरून फुंकर घालायची. तो घुमणारा आवाज ज्यानं ऐकलाय त्याच्या अंगावर काटा येतो. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात संचार होतो. मग बाकीच्या तिच्या पायांवर डोकं ठेवतात, प्रश्न विचारतात: नोकरी कधी, सोयरीक कधी. देवास तर टेकडीवरच्या मातेचं गाव, तिथे नऊ दिवस रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. देवी घरात येते यात कुणाला नवल वाटत नाही.

ताई जन्मभर घागरी फुंकत आली होती. तिच्या अंगात कधी आलं नव्हतं.

मी त्या दिवशी धारलाच होते, माझ्या सासरचा कुळाचार माझ्याच गळ्यात. त्यामुळे जे घडलं ते मी मोबाइलवर पाहिलं. ताईच्या शेजारणीनं, हिंदी बोलणाऱ्या एका भाबड्या भाभीनं, सगळं चित्रित केलं होतं आणि मोठ्या भक्तिभावानं नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलं होतं. मी ते किती वेळा पाहिलंय ते मला माहीत नाही. आता पाठ झालंय.

ताईनं दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, त्यानंतर काही नाही. व्हिडिओत ती हिरव्या नऊवारीत घागर घेऊन डोलते आहे. मग घागर हातातून निसटते. ती डोलतेच आहे. चेहरा घामानं निथळतो आहे, डोळे वर गेलेत, जीभ जड झालीय. बायका हात जोडतात. भाभीचा आवाज येतो, "माताजी आ गईं! माताजी आ गईं!" भाऊजींची आत्या, घरातली सगळ्यात थोर बाई, पुढे होऊन ताईच्या पायांवर डोकं ठेवते आणि विचारते, "आई, काय हवं तुला? काय कमी पडलं?"

ताई आधी काहीतरी पुटपुटते. मग स्पष्ट म्हणते, "गोड."

"काय म्हणाली?"

"गोड दे. भूक लागलीय."

बायकांमध्ये लगबग उडते. देवीला गोड हवंय! आणि मग भाऊजी येतात. रेशमी कद नेसलेले, हातात शिऱ्याची वाटी, वर तुपाचा तवंग. चेहरा किती हरखलेला त्यांचा! आपल्या घरात, आपल्या बायकोच्या रूपानं देवी आली आणि तिनं तोंडानं मागून घेतलं. ते ती वाटी घेऊन ताईच्या अगदी जवळून जातात. तिचा हात हवेत वर होतो. ते तिच्या मागे जाऊन उकडीच्या मुखवट्यासमोर पाण्याचं मंडल करतात आणि वाटी ठेवतात. नैवेद्य दाखवतात. आरती सुरू होते.

व्हिडिओ तिथे संपतो. पुढचं भाऊजींनीच सांगितलं. आरती संपायच्या आतच ताई कोसळली. आत्याबाई म्हणाल्या, "कुणी हात लावू नका. संचार उतरला की शीण येतो, झोपू द्या तिला." तशी रीतच आहे. तिला देवीसमोर चटईवर निजवलं, अंगावर शाल घातली. भाऊजींनी शिऱ्याची वाटी झाकून तिच्या उशाशी ठेवली, उठली की पहिला प्रसाद तिलाच मिळावा म्हणून.

सकाळी ती उठेना. भाऊजींनी हाका मारल्या, हलवलं, पाणी शिंपडलं. दुसरं काही सुचेना तेव्हा रोजच्या सवयीनं यंत्र आणून तिचं बोट टोचलं. आकडा आलाच नाही, यंत्रावर फक्त "लो" एवढं उमटलं. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून त्यांनी स्वतःचं बोट टोचून पाहिलं. त्यांचा आकडा बरोबर आला.

मी इंदूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिला सलाइनमधून साखर जात होती. साखर चढायची आणि पुन्हा घसरायची. पुण्याहून भाचा आला. ताईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हार्मोनच्या आजारांच्या तज्ज्ञ, इंदूरच्याच, बोलणं हिंदी. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावलं आणि सरळ विचारलं, "घर में इंसुलिन कौन लेता है?"

आम्ही भाऊजींकडे पाहिलं.

ताईच्या रक्तात इन्सुलिन बेसुमार होतं. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक कणाबरोबर सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा सुटतो. दोन्ही जोडीनंच बाहेर पडतात. सुईनं घेतलेल्या इन्सुलिनबरोबर तो तुकडा नसतो. ताईच्या रक्तात इन्सुलिनच्या मानानं तो तुकडा फारच थोडा होता. मग एवढं इन्सुलिन बाहेरून आलं असेल का, एवढंच डॉक्टरबाई विचारत होत्या. त्यांना विचारायलाच हवं होतं. पण माझ्या भाच्यानं तो प्रश्न उचलला आणि बापाच्या अंगावर फेकला.

"बाबा, तुम्ही आईला टोचलंत?"

"अरे..."

"चुकून का होईना. सांगा ना! तुमचं इन्सुलिन, तुमचा फ्रिज, दुसरं कोण आहे घरात?"

भाऊजी भिंतीला टेकले. रागावतील, हात उगारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मला तेव्हा त्यांचा कळवळा यायला हवा होता. नाही आला. माझ्या डोळ्यांसमोरून ती वाटी हलत नव्हती.

पुढचे काही दिवस बापलेक एकमेकांकडे न बघता एकाच बाकावर बसून राहिले. मग डॉक्टरबाईंनी पाठवलेल्या आणखी एका तपासणीचं उत्तर आलं. ताईला कुणी काही टोचलं नव्हतं. तिच्या रक्तात तिच्याच इन्सुलिनला धरणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या होत्या.

मी विज्ञान शिकवते. नववीच्या मुलींना, त्यातल्या कितीतरी सरदारपूरकडून बसनं येणाऱ्या, मी वर्षानुवर्षं फळ्यावर एकच चित्र काढून सांगत आले की अँटिबॉडी म्हणजे शरीराचे शिपाई. बाहेरचा शत्रू दिसला की त्याला पकडतात. डॉक्टरबाईंना मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हाँ मैडम, पर यहाँ वो मारते नहीं। पकड़कर रखते हैं।"

मग त्यांनी समजावलं, आणि मी कधी नव्हे ती विद्यार्थिनीसारखी ऐकत राहिले. आपण जेवतो, इन्सुलिन सुटतं, काम करतं आणि काही मिनिटांत विरून जातं. ताईच्या रक्तात ते सुटल्या सुटल्या या अँटिबॉडी त्याला बिलगायच्या. काम व्हायचं नाही, साखर वाढायची, शरीराला वाटायचं कमी पडलं, ते आणखी सोडायचं. तेही पकडलं जायचं. विरून जायचं ते इन्सुलिन रक्तातून हिंडत, साठत राहायचं. जोडीचा तुकडा मात्र आपल्या वेळी निघून जायचा. म्हणून तो कमी दिसला, म्हणून भाऊजींवर बालंट आलं. आणि काही तासांनी, पोट रिकामं झाल्यावर, ती पकड सैल व्हायची. तेव्हा धरून ठेवलेलं सगळं इन्सुलिन मोकळं. साखर आहे की नाही याची विचारपूस न करता. आपण घरी नसताना शेजारीण आपलं दूध ठेवून घेते आणि नको त्या वेळी आणून देते, तसं. शेजारणीच्या मनात वाईट काही नसतं.

धारची जिलबी आणि दुपारचा घाम. अष्टमीची खिचडी आणि संध्याकाळची देवी. सगळं माझ्यासमोर ओळीनं मांडलं गेलं आणि मी तिथेच, दवाखान्याच्या जिन्यात, मोठ्यानं रडले.

"पण हे झालं कशानं?" भाच्यानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी ताईची सगळी औषधं मागितली. तिची औषधं कुठे होती? मी म्हटलं, ती काहीच घेत नाही. भाऊजी त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "घेते. एक कॅप्सूल. माझ्यातली." त्यांनी खिशातून ती स्ट्रिप काढली. डॉक्टरबाईंनी मागची बारीक अक्षरं वाचली. मग अगदी हळू म्हणाल्या की नसांसाठी म्हणून जे द्रव्य यात असतं, त्यानं फार थोड्यांच्या शरीरात अशा अँटिबॉडी उठतात. ज्यांची घडणच तशी असते, त्यांच्या. बाकीच्यांना काही होत नाही. "किसी की गलती नहीं है, अंकल।"

भाऊजींनी मान डोलावली. स्ट्रिप परत घेतली आणि नीट घडी केलेल्या रुमालात ठेवली. भाचा उठून त्यांच्या जवळ गेला, "बाबा" म्हणाला. पण आता त्यांना त्याचं काही ऐकू येत नसावं. तो विचारत होता तेव्हा त्यांनी काही केलेलं नव्हतं. आणि आता तो माफी मागत होता तर, त्यांच्या हिशेबी, त्यांनीच सगळं केलं होतं.

कॅप्सूल बंद झाली. थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. थोडं थोडं, पण वारंवार खायला द्या, डॉक्टरबाई म्हणाल्या. अँटिबॉडी हळूहळू उतरल्या, साखर ताळ्यावर आली. रक्ताच्या भाषेत ताई बरी झाली. त्या रात्री मेंदूला साखर मिळाली नाही, त्यात जे विझलं ते मात्र पुन्हा पेटलं नाही. ती चालते, फुलवाती वळते, कुणी आलं की बसा म्हणते. मुलाला ओळखत नाही. भाऊजींना "अहो" म्हणते, पण ते कोण ते तिला ठाऊक नाही. घरात एक सज्जन गृहस्थ आहेत, त्यांना अहो म्हणायचं, एवढंच. आत्याबाई अजूनही म्हणतात की देवीनं तिला आपल्यात घेतलं. एकदा मी त्यांच्यावर इतकी ओरडले की भाऊजींना मध्ये पडावं लागलं.

यंदा अष्टमी आली तेव्हा माझ्या सासरचा कुळाचार मी जावेवर सोपवला आणि देवासला गेले. महालक्ष्मी मांडायची नाही असं भाऊजींनी ठरवलं होतं. घागरी नाहीत, बायका नाहीत. फक्त देव्हाऱ्यातल्या देवीला शिरा. दूरवर कुणाच्या तरी घरात घागर घुमत होती. ताई खुर्चीत बसून फुलवाती वळत होती, तिनं मान वर केली नाही. मी पुढच्या खोलीतून बघत होते.

भाऊजी स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आले. शिऱ्यावर तुपाचा तवंग. कद नेसलेला होताच. देव्हारा समोर होता, समई लावलेली, पाट मांडलेला. ते देव्हाऱ्याकडे गेलेच नाहीत. ताईच्या खुर्चीशी आले, खाली बसले, गुडघे दुखतात त्यांचे, कसेबसे बसले. चमच्यात शिरा घेतला, फुंकून गार केला आणि तिच्या तोंडाशी नेला. देवीच्या आधी. 

"घे," ते म्हणाले. "गोड आहे."

ताईनं तोंड मिटून घेतलं. मान मागे नेली. त्यांच्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. आणि वर्षभरात ऐकला नव्हता तो तिचा जुना, दरडावणीचा सूर माझ्या कानांवर आला.

"अहो, हे काय? नैवेद्य दाखवला का?"

मुलगा गेला, नवरा गेला, मी गेले; एवढं मात्र तिच्यात राहिलं होतं. मी दाराची चौकट घट्ट धरली.

भाऊजींनी चमचा तसाच धरून ठेवला.  मग देव्हाऱ्याकडे पाठ करून ते म्हणाले, "दाखवला."

तेव्हा तिनं तोंड उघडलं.